चिमाबाईंच्या मताला आक्षेप

ही घटना शंभर टक्के खरी आहे. मी स्वतः तिथे होतो, शुद्धीत होतो आणि मी भुताखेतांना भीत नाही. भुतं नसतात, या विषयावर मी कॉलेजात दर वर्षी व्याख्यान देतो.

व्याख्यान सकाळी अकराला असतं, भरलेल्या सभागृहात. तिथे मी अजून एकदाही घाबरलेलो नाही.

तर, ऑक्टोबर २००४. विधानसभेचं मतदान. तळेघरच्या पुढे, डोंगरातल्या एका वाडीची शाळा. एकच खोली, एकच दार. दाराशी होमगार्ड. मी केंद्राध्यक्ष, शाई लावायला तेजस्विनी मॅडम. बाकावर दोन पक्षांचे दोन प्रतिनिधी, गेणभाऊ आणि सावळेराम. खोटा मतदार आला तर ओळखून आक्षेप घ्यायचा, हे त्यांचं काम. सकाळपासून दोघं एकमेकांच्या सख्ख्या चुलत्यांवरसुद्धा आक्षेप घेत होते.

पाचला दहा कमी. पाचला मतदान बंद. बाहेर धुकं उतरलेलं.

दारात एक म्हातारी उभी राहिली...

"लई उशीर झाला का?" ती म्हणाली. "गेणभाऊ, गाडी धाडतो म्हनला व्हतास. वाट बघून बघून चालत आले बाबा."

गेणभाऊने मान खाली घातली.

सकाळपासून पहिल्यांदाच.

तिने सांगितलेलं नाव यादीत होतं. चिमाबाई. मी ते मोठ्याने वाचलं. मग माझ्या कानाशी गेणभाऊची कुजबुज आली.

"सायेब, ही श्रावणात गेली. म्या खांदा दिलाय."

"मग घ्या आक्षेप!"

"तुमी घ्या की. तुमी शिकल्यालं."

सावळेराम भिंतीकडे बघत म्हणाला, "तिरडीचं बांबू मी तोडलं व्हतं. पर माजाबी आक्षेप न्हाई."

दिवसभरात दोघांचं एकमत झालेलं हे पहिलंच मत.

आक्षेपाची फी दोन रुपये. दोघांच्या खिशात होते. पण आक्षेप घेतला की मतदाराला समोर उभं करून चौकशी करावी लागते. म्हणजे कुणीतरी तिच्या डोळ्यांत बघून म्हणायचं होतं... बाई, तुम्ही मेलात.

ती माझ्याकडेच बघत होती.

मेलेल्याचं मत पडलं आणि उघडकीला आलं, तर मी निलंबित. भीती दोन्हीकडे होती. मी त्यातली लांबची निवडली.

"मॅडम, शाई लावा."

"सर... बोट फार गार आहे."

"इकडची हवाच तशी आहे," म्हणत मी यंत्राचं बटण दाबलं. लाल दिवा लागला. मत पडलं की यंत्र वाजतं आणि दिवा विझतो.

चिमाबाई टेबलावरच्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली.

यंत्र वाजलं नाही.

एक मिनिट... पाच मिनिटं...

टेबलाखाली तिचे पाय दिसायला हवे होते.

दिसत नव्हते.

"सर, बघा ना जाऊन," मॅडम कुजबुजल्या.

"मतदान गुप्त असतं," मी म्हणालो. त्या संध्याकाळी लोकशाहीवर माझ्याइतकी श्रद्धा राज्यात कुणाचीच नसेल.

पाच वाजले. साडेपाच. खोलीत अंधारून आलं. लाल दिवा तसाच. यंत्र बंद करता येईना आणि बाकावरून कुणी उठेना.

शेवटी तेजस्विनी मॅडम उठल्या. शाईची बाटली हातात तशीच. शाई साडीवर सांडली, तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं. आडोशापाशी जाऊन, आत न बघता म्हणाल्या,

"आजी, चित्रासमोरचं निळं बटण दाबायचं. घाबरू नका."

मग यंत्राचा लांबलचक आवाज. दिवा विझला.

"दाबलं गं बाय," आतून आवाज आला.

मॅडमनी पुठ्ठा बाजूला केला.

तिथे कुणी नव्हतं.

दाराशी बसलेला होमगार्ड म्हणाला, "साहेब, चारनंतर आत कुणी आलंच नाही."

जीप येईपर्यंत आम्ही चौघं बाहेर धुक्यात उभे होतो. पुढे मॅडमनी हा विषय कधी काढू दिला नाही. मी मात्र तेव्हापासून माझं मतदान सकाळी सातला उरकतो.

नोंदवहीत चिमाबाई धरून २१४, यंत्रात २१४. आकडे जुळले, म्हणून कुणी काही विचारलं नाही.