भिवकुंडीच्या नाल्यातला बारा सिलिंडरचा ट्रक

भिवकुंडीच्या नाल्यात कित्येक वर्षं पडून राहिलेला जुना ट्रक त्याच्याच इंजिनाच्या जोरावर वर काढायचा, एवढ्यासाठी आम्ही चौघं नार्नूरच्या पुढच्या जंगलात शिरलो होतो. नाल्यावर नवा बंधारा झाला होता. पाऊस लागला की ट्रक टपापर्यंत पाण्यात जाणार. क्रेन येईल असा रस्ता नव्हता. जंगल खात्याची परवानगी होती मेच्या वीस तारखेपर्यंत, आणि आज एकोणीस तारीख होती!

मी नागेश, आदिलाबादला गॅरेज चालवतो. माझे उस्ताद धोंडीबा, वय एक्याऐंशी. सागवानाच्या ठेकेदाराकडे ते याच ट्रकवर आधी क्लीनर होते, मग ड्रायव्हर. पुढचा पूल वाहून गेला तेव्हा त्यांनीच तो इथे सोडला होता. सोनेराव आत्राम जवळच्या गुड्यावरचा, म्हणजे पाड्यावरचा, गोंड शेतकरी. बॅटऱ्या, डिझेल, टायर, सगळं त्याच्या बैलगाडीवर. आणि चौथी भाग्यश्री, पॉलिटेक्निकमध्ये इंजिनं शिकवणारी.

ती मला सलत होती. शेतमजुराची लेक शिकून मास्तरीण झाली याचं साऱ्यांना कौतुक. मलाही होतं, पण ती माझ्या उस्तादांच्या शेजारी येऊन बसेपर्यंतच.

पहिल्या खेपेला मी बॉनेट उघडलं आणि म्हणालो, "उस्ताद, रेडिएटर चोरीले गेला."

भाग्यश्री हसली. "काका, याले रेडिएटर नसतेच. हे हवेवर थंड होते."

मग तिने सगळं सांगितलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चेक लोकांनी असे ट्रक बनवले. बर्फाच्या मुलखात पाणी गोठून इंजिनं फुटायची, म्हणून यांच्यात पाणीच ठेवलं नाही. सहा-सहा सिलिंडरच्या दोन रांगा, प्रत्येक सिलिंडरला पातळ पाती, पुढे वारा फेकणारे पंखे. गाडीखाली दोन लांब पट्ट्यांची चौकट नाही. मधोमध एकच जाड नळी, माणसाच्या कण्यासारखी. तिच्यातून निघालेला प्रत्येक अर्धा आस आपापला वर-खाली होतो. एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसऱ्याला पत्ता लागत नाही.

उस्ताद तोंड उघडं टाकून ऐकत होते. "पोरी, म्या इतकी वर्सं चालवला, पन हे आज समजलं."

तीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली ग्रीस खाल्लं. इतक्या मायेनं ते मला कधी 'पोरा' म्हणाले नव्हते.

पुढच्या दोन खेपांत मी सहा टायर चढवले, सिलिंडरांत डिझेल मुरवून जाम झालेलं इंजिन मोकळं केलं. सालटं निघालेले माझे हात कुणी पाहिले नाहीत. तिने डिझेलचा पंप उघडून दुरुस्त केला, तर उस्ताद गुडाभर सांगत सुटले, "पोरीनं जीव घातला गाडीत!"

आज सकाळी तिने स्टार्टर दाबला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा जमीन हादरली आणि बाराच्या बारा सिलिंडर गरजले! काळ्या धुराचा लोट उसळून वरच्या अर्जुनाच्या झाडाला भिडला.

"आग्या मोहोळ!" सोनेराव ओरडला. "पळू नका! झोपा!"

फांदीवरचं सुपाएवढं मोहोळ उठलं होतं. सोनेरावनं बैलांचे दोर सोडले. ते शेपट्या वर करून रानात पळाले. आम्ही घोंगडीखाली पालथे पडलो. माझ्या मानेत तीन नांग्या घुसल्या. घोंगडी उस्तादांना अपुरी पडत होती. भाग्यश्री त्यांच्या अंगावर आडवी झाली आणि सारे डंख तिने पाठीवर झेलले. मी शेजारीच होतो. मला ते सुचलं नाही, आणि त्याचाही मला रागच आला.

तासाभराने माश्या शांत झाल्या. तिची पाठ सुजली होती, तरी ती पुन्हा केबिनमध्ये बसली आणि ब्रेक दाबून पाहू लागली. मी पाना घ्यायला गाडीखाली शिरलो, तेव्हा मागच्या चाकाजवळ बारीक फुसफुस ऐकू आली. बोट लावलं. ब्रेकच्या रबरी नळीला तडा होता, आणि तिने ब्रेक दाबला की तिथून हवा निसटत होती.

मी सांगायलाच बाहेर आलो. तेवढ्यात उस्ताद म्हणाले, "चढाव पोरगी घेईन. तिचा पाय हलका हाय. नाग्या, तू ठोकळा घेऊन मांगं चाल."

ठोकळा! चाकामागे लाकूड लावायचं काम. क्लीनरचं काम!

"ब्रेक बराबर हायेत ना, काका?" भाग्यश्रीने वरून विचारलं.

"तूच पाह्यले ना आत्ता? मंग?"

एवढंच बोललो मी. वाटलं, चढावावर ब्रेक जरा कमी लागतील, तिची फजिती होईल, उस्तादांना माझी किंमत कळेल. त्यापुढचा विचार मी केलाच नाही.

चढाव दोनशे पावलांचा. उजवीकडे दरड, डावीकडे नाल्याचा खोल कडा. ट्रक निघाला. चाकांखाली मुरूम चुरत होता, पळसाच्या फांद्या केबिनवर आपटत होत्या, आणि त्या म्हाताऱ्या धुडाचा आवाज डोंगरातून परत येत होता. शंभर पावलं झाली. सव्वाशे.

मग चढ उभा झाला. भाग्यश्री गिअर बदलायला गेली. खर्रर्र! गिअर पडला नाही.

ट्रक थांबला. आणि मागे सरकू लागला!

तिने ब्रेक दाबला. फाट! माझ्या डोळ्यांदेखत नळी फुटली.

मी ठोकळा चाकामागे टाकला. चाक चढलं, ठोकळा घसरला. ट्रकचं मागचं टोक कड्याकडे वळलं. "उडी मार!" मी ओरडलो. ती काही उडी मारेना. दात ओठांत रोवून गिअरशी झुंजत होती. मी गुडघ्यांवर पडलो, ठोकळा पुन्हा रेटला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला. रबर माझ्या बोटांपासून वीतभर अंतरावर होतं. सोनेराव धावत आला आणि त्याने माझ्या पाठीमागून मोठा धोंडा लोटला.

ट्रक थांबला.

डावं मागचं चाक कड्याच्या कपारीत खाली लोंबलं होतं. सरळ आसाची गाडी असती तर ती तिथेच कलंडली असती. इथे तो अर्धा आस पक्ष्याच्या पंखासारखा खाली वाकला होता, आणि बाकीची पाच चाकं जमिनीवरच राहिली होती.

भाग्यश्री खाली उतरली. "काका, माही चूक झाली. ब्रेक म्या नीट पाह्यले नाई."

उस्ताद काठी टेकत वर येत होते. मी गप्प राहिलो असतो तर कुणालाच काही कळलं नसतं.

"नाई," मी म्हणालो. "नळी म्या सकाळीच पाह्यली होती. सांगतलं नाई."

"काऊन?" भाग्यश्रीने विचारलं.

"जळलो. तुह्यावर."

उस्तादांनी काठी उगारली. मग ती तशीच खाली आली, आणि ते तोंड फिरवून उभे राहिले. ती काठी बसली असती तर बरं झालं असतं.

भाग्यश्रीने चाकामागच्या ठोकळ्यावर हात ठेवला.

"नळी दुरुस्त करा. आता गाडी तुमी चालवा. ठोकळा घेऊन मांगं म्या येतो."

"नको, बाई! तुमी वर बसा. मांगं सोनेराव—"

"म्याच येतो. चालवा!"

मी नळीचा फाटका भाग कापला, उरलेली ओढून बसवली, तारेने आवळली. चार वेळा सोनेरावला ब्रेक दाबायला लावला. चार वेळा गाडीखाली शिरून जोडाला कान लावला. आयुष्यात कुठलंही काम मी इतकं जीव ओतून केलं नाही.

मग मी केबिनमध्ये चढलो. आरशात ती दिसत होती, सहा चाकांच्या मागे, कंबरेत वाकलेली. पहिला गिअर आधीच टाकून ठेवला, क्लच केसाकेसाने सोडला. इंजिन गुरगुरलं. लोंबलेलं चाक कपारीत चाचपडलं, दगडाला लागलं, चढलं! "चाल माय, चाल!" मी ओरडत होतो. एक पाऊल. दुसरं. आरशात ती होती. अजून होती. शेवटच्या उठावावर ट्रकने नाक आभाळाकडे केलं, क्षणभर मला नुसतं आभाळच दिसलं, आणि मग समोर सपाट माळ!

मी इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवरून हात सुटेनात.

उस्ताद आले. त्यांनी गरम बॉनेटवर तळवा ठेवला आणि लहान लेकरासारखे रडले. मग भाग्यश्रीचं डोकं छातीशी धरलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

बैल सापडेपर्यंत दुपार झाली. ट्रक गुड्यावर पोहोचला तेव्हा बायामाणसं, म्हातारेकोतारे सगळे बाहेर आले. चाकं चाचपत एकाने विचारलं, "कोनं काढली वर?"

उस्ताद तिच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. मी तेव्हाही जळलो. खोटं काऊन सांगू?

"चालवली म्या," मी म्हणालो. "पन म्या हिले मारायले निघालो होतो. त्याच्यावरही ही ठोकळा घेऊन माह्या मांगं चालली."

भाग्यश्रीने तांब्यातलं पाणी पिऊन तोंड पुसलं आणि तांब्या माझ्या हातात दिला.