राहिलेला ग्रुप

"मी सीए पुढे नाही करणार. मला टॅक्सचंच काम आवडतं," गंधालीने ताटावरून मान वर न करता सांगितलं, आणि आमटी वाढणाऱ्या तिच्या आईचा, शुभाचा हात वाटीच्या वर तसाच थांबला...

रविवारची दुपार होती. गंधाली सीएची इंटर पास झाली म्हणून तिची आत्या जयंती अंधेरीहून मुद्दाम मुलुंडला आली होती. येताना श्रीखंड आणलं होतं आणि एक बातमीही. अंधेरीच्या चकाल्यातल्या आपल्या सीए फर्ममध्ये तिने भाचीची आर्टिकलशिप पक्की करून टाकली होती. आत्याच्या हाताखाली उमेदवारी, मग फायनल, मग दाराबाहेरच्या पाटीवर आत्याच्या नावाखाली गंधालीचं नाव... जयंतीने सगळं मनात मांडून ठेवलं होतं. आणि पोरगी म्हणत होती की तिला लॉ करायचंय, जीएसटीची परीक्षा द्यायचीय आणि कर सल्लागार होऊन आईच्या टेबलाला टेबल लावून बसायचंय.

"वेडी आहेस का गं?" जयंतीने पुरी ताटात टाकली. "इंटर झाल्यावर सोडतं का कोणी? रिटर्न काय, आता लोक मोबाइलवर भरतात. स्वतःची वाट लावून घेशील. सीएला चिकाटी लागते हे मला मान्य आहे, पण म्हणून आपल्या घरात प्रत्येक वेळी..."

पुढचं तिने गिळलं. पण न बोललेलंही शुभाला पाठ होतं. 'वहिनी हुशार, पण चिकाटीत कमी पडली' हे जयंती लग्नकार्यांत, बारशांत, पाहुण्यांच्या पंगतीत हसत हसत सांगत आली होती, आणि शुभाही प्रत्येक वेळी हसत आली होती. ते हसू ओठांवर आणताना आत काय चरचरायचं, हे तिने कधी कुणाला कळू दिलं नव्हतं.

आज मात्र तिचं तिकडे लक्षच नव्हतं. ती बघत होती नवऱ्याच्या उजव्या हाताकडे. गेल्या दिवाळीपासून नंदकिशोरना कंपवाताने धरलं होतं. चमचा वाटीला लागून किणकिणायचा, आमटी सांडायची, म्हणून त्यांची वाटी अर्धीच भरायची पद्धत घरात पडली होती. म्हणून... म्हणून पोरगी घरी बसायचं म्हणतेय! 'टॅक्सचंच काम आवडतं.' हे वाक्य दुसऱ्या कुणाला खरं वाटलं असतं. शुभाला ते कसं वाटणार? ते तिनेच घडवलेलं होतं, याच घरात, अशाच भरल्या ताटांवर.

शुभाचं नवं नवं लग्न झालं होतं, तेव्हा या घराच्या गॅलरीला खिडक्या बसल्या नव्हत्या. पहाटे मिठागरांकडून खारट वारा यायचा, आणि त्या वाऱ्यात दोन स्टुलांवर नणंद-भावजय पुस्तकं घेऊन बसायच्या. दोघीही सीए फायनलच्या. शुभाची उमेदवारी माहेरीच संपली होती, पेपरांचा पहिला ग्रुप लग्नाआधी सुटला होता, आता दुसरा राहिला होता. जयंतीचे दोन्ही बाकी होते. चहाचे पेले निवून जायचे, दूधवाला बेल मारून कंटाळायचा, आणि सासूबाई, जानकीबाई, आतून ओरडायच्या की या घरात सून आणली की मैत्रीण आणली हेच मला कळेनासं झालंय.

जयंतीला ऑडिट म्हटलं की झोप यायची. मग शुभा तिला ते पोळ्या लाटता लाटता शिकवायची. सासूबाई लाडू मोजून डब्यात ठेवतात, याला म्हणायचं अंतर्गत नियंत्रण. डब्याची किल्ली एकीकडे आणि मोजणी दुसरीकडे असली, तर नियंत्रण पक्कं. आणि किल्लीवाली व मोजणारी दोघी मिळून एक लाडू खातात, त्याला म्हणायचं संगनमत... त्यापुढे कुठलंही नियंत्रण चालत नाही! जयंती हसून हसून ओट्याला टेकायची. पुढे पेपरात नेमका तो प्रश्न आला तेव्हा लाडू आठवून तिने पानभर उत्तर लिहिलं, असं तिनेच नंतर सांगितलं होतं. किती सुंदर होते ते दिवस! एक वाचायची, दुसरी ऐकायची, आणि कोण कुणाला शिकवतंय याचा हिशेब दोघींपैकी कुणीच ठेवत नव्हतं.

त्या पावसाळ्यात जानकीबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. परीक्षा नोव्हेंबरात होती. कूस बदलण्यापासून घास भरवण्यापर्यंत सगळं कुणीतरी करायला हवं होतं. नंदकिशोर बँकेत, तेही तेव्हा बदलीवर नाशिकला. गणपतीत ते घरी आले, त्या रात्री सगळे जेवायला बसले. जयंती ताटातल्या भाताच्या शितांकडे बघत होती. विचारलं कुणीच नाही, पण प्रश्न ताटांच्या मधोमध येऊन बसला होता. आणि शुभा अगदी सहज स्वरात म्हणाली की तिला नाहीतरी ऑडिटचा कंटाळाच आहे, टॅक्सचंच काम आवडतं, ते घरी बसूनही करता येतं, जयूने द्यावी परीक्षा.

नंदकिशोरनी सुटकेचा निःश्वास टाकला. "बरं झालं, हिचं हिलाच कळलं," असं म्हणून त्यांनी ताक मागितलं. एवढंच! राहिलेला ग्रुप राहिला तो राहिलाच. जयंती पुढे पास झाली, तिचे पेढे शुभानेच आणले. सासूबाई पुष्कळ वर्षं अंथरुणात होत्या, मग गंधाली झाली, आणि जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर शुभाचं विवरणपत्रं भरण्याचं काम सुरू झालं, ते वाढत वाढत आतल्या खोलीत गेलं. आज भांडुप-साकीनाक्यापर्यंतची माणसं तिच्याकडे येत होती. पण एखाद्याच्या ऑडिटची वेळ आली की कागद सीएच्या सहीसाठी अंधेरीला पाठवावे लागत, आणि त्या पाकिटावर 'सीए जयंती' लिहिताना पेन क्षणभर रेंगाळायचं...

शुभाने आमटीचं पातेलं खाली ठेवलं.

"गंधाली, हे तू बाबांसाठी करतेयस. खोटं नको बोलूस माझ्याशी."

"आई, तसं काही—"

"मला कळतं. कारण मी पण हेच म्हटलं होतं." तिचा आवाज चढला नाही, पण त्यातलं पाणी सगळ्यांना ऐकू आलं. "मला ऑडिटचा कंटाळा कधीच नव्हता. सासूबाईंजवळ कुणीतरी बसायला हवं होतं, आणि जयू लहान होती, तिचं लग्न व्हायचं होतं. म्हणून मी म्हटलं. सगळ्यांना ते खरं वाटलं, आणि मी वाटू दिलं. पण तुझ्या तोंडून तेच ऐकायचं... नाही. मी बघेन बाबांचं. तू उद्या आत्याबरोबर जायचंस."

नंदकिशोर चमचा खाली ठेवायला गेले, तो हातातून निसटून ताटात पडला. ते बायकोकडे असे बघत होते, जणू इतक्या वर्षांत तिला नीट बघायचंच राहून गेलं होतं. शेवटी ते एवढंच म्हणाले की त्यांना खरंच वाटलं होतं तिला कंटाळा आहे... मग मान खाली घालून हळू आवाजात म्हणाले, की तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

शुभाला जयंतीकडे बघवेना. हे ऐकून ती चिडेल, रडेल, ताटावरून उठेल, याच भीतीने तर तिने आजवर तोंड मिटून घेतलं होतं. जयंती उठली नाही. श्रीखंडाच्या वाटीत बोट फिरवत राहिली.

"मला माहीत होतं, वहिनी," ती म्हणाली.

"काय?"

"तेव्हाच. तू 'ऑडिटचा कंटाळा' म्हणालीस ना, त्याच क्षणी. मला ऑडिट शिकवलं कुणी? तुझा सगळ्यात आवडता विषय होता तो. मला कळत नव्हतं होय?" तिचे डोळे भरून आले, पण ती थांबली नाही. "मी एक शब्द बोलले असते तर तू परीक्षा दिली असतीस. आपण आलटूनपालटून केलं असतं आईचं. नाही बोलले मी. मला पास व्हायचं होतं. आणि मग... 'वहिनीला चिकाटी नव्हती' असं चार लोकांत म्हणत राहिले. तसं म्हटलं की मला बरं वाटायचं गं. वाटायचं, मग माझा काय दोष."

शुभा खुर्चीत बसली. आपलं बलिदान कुणालाच दिसलं नाही, या एका दुःखाला तिने अर्धं आयुष्य मनात जपून ठेवलं होतं. आणि ते दिसलं होतं! याच माणसाला दिसलं होतं... तिला राग यायला हवा होता. त्याऐवजी तिने हात पुढे करून जयंतीचं खरकटं मनगट धरलं, आणि मग दोघीही रडल्या, आवाज न करता, पूर्वी सासूबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून हसू दाबायच्या तशा.

"झालं का?" बऱ्याच वेळाने गंधालीने विचारलं. तिचेही डोळे लाल झाले होते, पण स्वरात वैताग होता. "आता माझं कोणी ऐकणार आहे का? मी खरंच सांगतेय. मला टॅक्सचंच आवडतं."

"बाबा—"

"बाबांना माझी गरज नाहीये, आई. ते दिवसभर मॅच बघतात. मी समोर आले तर ओरडतात." नंदकिशोरनी ओल्या डोळ्यांनी मान डोलावली. "या घरात ना, कोणाला काही आवडतं म्हटलं की लगेच त्यागच वाटतो तुम्हाला. मी लहानपणापासून तुझ्या टेबलाखाली बसून चित्रं काढलीत. लोक नोटीस घेऊन येतात तेव्हा त्यांचे पाय बघितलेत मी. सारखे हलत असतात. मग तू बोलायला लागतेस, आणि हळूहळू पाय थांबतात. आत्याच्या ऑफिसात मी गेलेय, छान आहे. पण तिकडे कंपन्या येतात, माणसं येत नाहीत. आता तर आयकराचा कायदाच नवा आलाय, कलमांचे आकडेही बदललेत, म्हणजे तू आणि मी एकाच पानापासून सुरू करणार. मला तेच पाहिजे. तुझ्यासाठी नाही, बाबांसाठी नाही. मला."

शुभा तिच्याकडे बघत राहिली. अशिलाचं बोलणं ऐकताना कुठे काही लपवलंय का ते ती जसं शोधायची, तसं तिने लेकीच्या चेहऱ्यावर शोधलं. काही सापडेना.

"आणि तू?" गंधालीने विचारलं, आता जरा मऊ आवाजात. "तुला हे काम कधीच नाही आवडलं?"

या प्रश्नाचं उत्तर तयार आहे असं शुभाला वाटलं होतं. पण तिला आठवला साकीनाक्याचा धम्मपाल. त्याच्या लेथच्या छोट्या कारखान्यावर चुकीची आकारणी झाली होती. अधिकाऱ्यासमोर तिने एकटीने मुद्दा मांडला होता, तो मान्य झाला होता, आणि बाहेर पडल्यावर ती गुणगुणत चालत दोन बसस्टॉप सोडून पुढे गेली होती. तशा कितीतरी दुपारी. मीठ पाण्यात विरघळताना नेमकं कुठल्या क्षणी दिसेनासं झालं, ते कुणाला सांगता येत नाही. तिची ती खंत तशीच कुठेतरी विरघळली होती, आणि उरलेल्या नितळ पाण्याला ती अजून खंतच म्हणत होती.

"आवडलं," ती म्हणाली. "फार आवडलं. कधीपासून, ते कळलंच नाही मला."

हे ऐकून जयंतीला जो हुंदका फुटला, तो मघाच्या सगळ्या रडण्यापेक्षा मोठा होता.

तेवढ्यात बेल वाजली. दारात मालनताई होत्या, मिठागर रोडवर पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या. हातात घडी घातलेला कागद, चेहरा उतरलेला. रविवारी आले म्हणून रागवू नका, पण जीएसटीची नोटीस आलीय आणि घशाखाली घास उतरत नाहीये, असं त्या दारातूनच सांगू लागल्या. शुभा सवयीने अर्धी उठली.

"या ना मावशी, बसा आधी," गंधालीने हात धुऊन त्यांना आतल्या खोलीत नेलं. "कधीची आहे? दाखवा बघू. नाही, घाबरण्यासारखं काही दिसत नाही यात. गेल्या तिमाहीचं काय झालं होतं, ते सांगा मला सावकाश..."

शुभा कान देऊन ऐकत होती. पोरीने दुसरा प्रश्न बरोबर विचारला. तिसराही. टेबलाच्या कडेवरचा तिचा हात सैल झाला, आणि ती परत खाली बसली.

"वहिनी, तुझं ताट बघ, सगळं गार झालंय," जयंतीने नाक पुसलं, आमटीचं पातेलं उचललं आणि गॅस पेटवायला गेली. "बसून राहा. मी वाढते."

आतून मालनताईंच्या बोलण्याचा सूर हळूहळू खाली येत होता. शुभाने भाताचा पहिला घास घेतला.