गालातलं ओबोल

"होड्यांची शर्यत नीट बघायची असेल तर धक्क्याच्या टोकालाच बसायला हवं!" क्रिनास म्हणाला आणि त्याचं तोंड एकदम वाकडं झालं. "थू! हे ओबोल कडू लागतंय!"

"अपोलोच्या उत्सवाची शाळेला तीन दिवस सुट्टी, आणि हा नाणी चाखत बसलाय," त्याची धाकटी बहीण मिरीन म्हणाली.

मस्सालिया या ग्रीक बंदरात अंगरख्याला खिसे नसतात. नखाएवढं चांदीचं ओबोल जो तो गालातच ठेवतो. त्यांचा मित्र अपेल्लिस याने आपलं नाणं जिभेवर घोळवून पाहिलं. "माझ्याला तर काहीच चव नाही. आजीने दिलंय. तुझं कुठलं?"

"काल आईने झेनोथेमिस सराफाकडून मोड आणली, त्यातलं."

तेवढ्यात बाजारातून आरडाओरडा ऐकू आला. तिघं धावत सुटले.

मिरीनच्या आईचे खारवलेले मासे चिखलात पडले होते. टोपली उपडी झाली होती. शेजारी बाजार-अधिकारी लिकोन पोट पुढे काढून उभा होता. त्याच्या हातात छिन्नीने कापलेलं एक ओबोल होतं. वर चांदी, आत लालभडक तांबं!

"खोटी नाणी खपवतेस? डोंगरातली माणसं ती डोंगरातलीच!" तो गरजला. "दुपारच्या आत हिला वेशीबाहेर काढा. पोरांसकट!"

"साहेब, ती मोड मला सराफाने दिली," आई म्हणाली.

"मी? छे छे!" झेनोथेमिस मंडपातल्या आपल्या टेबलामागून गोड हसला. "मी चोख दिली होती. बाईंनीच बदलली असेल."

लिकोनने मान डोलावली. झाला न्याय! ना चौकशी, ना काही. सराफाच्या बोटात अंगठ्या होत्या आणि आईच्या बोटांना माशांचा वास होता, एवढा पुरावा त्या शहाण्याला पुरला. मिरीनच्या अंगाचा तिळपापड झाला. मोठी माणसं म्हणे! यांच्यापेक्षा धक्क्यावरचे बगळे बरे, निदान आधी नीट बघतात आणि मग चोच मारतात.

"आता काय करायचं?" क्रिनास रडवेला झाला. आईचं डोंगरातलं गाव कधीच सुटलं होतं; या शहराबाहेर आता त्यांचं कुणीच नव्हतं. बाबा समुद्रात बुडाल्यापासून ती टोपली हेच त्यांचं घर होतं.

"रडू नकोस रे! त्याच्याकडे बघ!" मिरीनने त्याला कोपराने ढोसलं.

झेनोथेमिस अंजिरं घेत होता. टेबलावरचं ताट ओबोलांनी भरलेलं होतं, तरी त्याने गालात बोट घातलं आणि तिथलं नाणं काढून विकणाऱ्याला दिलं.

"समोर ताटभर नाणी असताना घरून तोंडात घालून आणलंय!" अपेल्लिस पुटपुटला. "म्हणजे ताटातली..."

"त्याला माहितीय ती कशी आहेत ते. चला!"

"पण लिकोन आपलं ऐकेल?"

"आपलं नाही ऐकणार. स्वतःचं कौतुक ऐकेल. तेवढंच त्याला ऐकू येतं."

मिरीन थेट लिकोनसमोर जाऊन उभी राहिली. "काका, दारूत चमचाभर पाणी घातलं तरी तुम्हाला चवीवरून कळतं म्हणे. खरं का हो?"

"थेंबभर घातलं तरी!" लिकोन फुगला. "या जिभेला कुणी फसवू शकत नाही!"

"हा अपेल्लिस म्हणतो, म्हाताऱ्यांच्या जिभेला चवच राहत नाही. ताटातलं एक ओबोल गालात ठेवलं, तर तांबं की चांदी हे तुम्हाला मुळीच सांगता येणार नाही म्हणे."

"मी असं कधी म्हट..." अपेल्लिस बोलू लागला. क्रिनासने त्याच्या पायावर पाय दिला.

"म्हातारा? मी?" लिकोनने तरातरा जाऊन ताटातलं नाणं उचललं.

"अहो, कशाला पोरांच्या नादी..." झेनोथेमिस अर्धवट उठला. नाणं लिकोनच्या गालात गेलंही होतं. गर्दी जमली. मंदिरातून नगरसभेचे वृद्ध सभासद एव्झेनोसही काठी टेकत आले. लिकोन डोळे मिटून उभा होता. आधी ऐटीत, मग कपाळाला आठ्या घालून. मग त्याचे ओठ आवळले, नाक वर गेलं आणि...

"थू! थू! तांबं!"

"छिन्नी आणा!" एव्झेनोस म्हणाले.

एक कापलं, तांबं. दुसरं कापलं, तांबं! झेनोथेमिसने मंडपातून उडी मारली. क्रिनासने पाय आडवा घातला आणि अंगठ्या घातलेला तो गृहस्थ माशांच्या खाऱ्या पाण्याच्या पिंपात उपडा पडला! हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"शाबास, पोरांनो!" एव्झेनोस म्हणाले. "सगळ्या बाजाराला जे कळलं नाही ते तुम्ही शोधलंत. आज देवाच्या मिरवणुकीत तुम्ही तिघं सर्वांत पुढे चालायचं."

"मला सकाळपासून संशय होताच," लिकोन घाईघाईने म्हणाला. "म्हणून तर मी चव घेतली!"

मिरीनने त्याच्याकडे पाठ फिरवली.

"आणि आमच्या आईचं काय, आजोबा?" तिने विचारलं.

"बाई, तुमची जागा तुमचीच," एव्झेनोस म्हणाले. "आता काय हवं ते सांगा. नुकसान भरून देतो."

आईने डोळे पुसले. चिखलातल्या माशांकडे पाहिलं, मग लिकोनकडे.

"यांनी पाडलेत," ती म्हणाली. "यांनीच उचलायचे."

लिकोनने इकडेतिकडे पाहिलं. एकही शिपाई पुढे आला नाही. एव्झेनोसांनी काठीने टोपली त्याच्याकडे सरकवली. शेवटी ते पोट कसंबसं वाकलं आणि सगळ्या बाजारादेखत बाजार-अधिकारी चिखलात गुडघे टेकून एकेक मासा पुसू लागला.

"शेपटीला धरा, साहेब," आई म्हणाली. "विकायचेत मला ते."