घुबडांखाली सापडलेलं बटण

उंदरांच्या कवट्या सव्वीस, चिचुंद्र्यांच्या चार, आणि शर्टाचं एक पांढरं बटण. गोदामाच्या तुळईवरच्या घुबडांनी आठवडाभरात ओकून टाकलेले गोळे ती कॉलेजच्या अभ्यासासाठी चिमट्याने सोडवत होती. बटणापाशी चिमटा अडला.

"घाबरू नका, त्यांनी मला खाल्लेलं नाही," मागून आवाज आला. मामांच्या या धान्य-गोदामात पोती तोलणारा काटेवाला. शर्टाला सात काजं, बटणं सहा. "पिलं कडेला घसरत होती, म्हणून फळी ठोकायला वर चढलो, तेव्हा तुटलं. मालकांना सांगू नका हं..."

"सांगितलं तर?"

"तर बटण मिळेल, नोकरी जाईल."

ती हसली — जरा जास्तच. मग रोज दुपारी पोती तोलून झाली की तो तिच्याजवळ येऊन बसू लागला.

"उंदराने शंभर दाणे खाल्ले, तर जेमतेम दहा अंगी लागतात. घुबडाच्या अंगी लागतो एक," ती एकदा म्हणाली.

"बाकीचे?"

"धावपळीत, अंगाच्या उबेत जातात."

"म्हणजे वायाच की!" चिमटा घ्यायला त्याने हात पुढे केला, आणि... तो हात तिच्या हातावरच राहिला.

"ऊब वाया जाते?"

"आत्ता तरी नाही वाटत."

तेवढ्यात मामा विषाचा डबा घेऊन आले. "उंदरांनी अकरा पोती पोखरलीत. काटेवाल्या, उद्या कोपऱ्याकोपऱ्यात विष टाक."

ती उठली. "मामा, ऊब वाटेत उडून जाते, विष नाही. उंदरांतून ते पिलांच्या पोटात जाईल."

"तू आपली पुस्तकं सांभाळ. आणि याच्या शेजारी बसणं बंद. लोक बघतात."

"बघू देत." तिने आपलं स्टूल काटेवाल्याच्या आणखी जवळ सरकवलं.

काटेवाल्याने मामांच्या हातातला डबा घेऊन त्यांच्याच पायाशी ठेवला. "मी टाकणार नाही. काढायचं तर काढा."

"एक महिना द्या," ती मामांना म्हणाली. "पिलं वाढतायत, घुबडं आता दुप्पट उंदीर मारतील." ती पुढे म्हणाली, "धान्याची घट किलोभर जरी वाढली, तर मी स्वतः विष टाकेन. कमी झाली, तर घुबडं राहतील, हा राहील, आणि मी कुणाशेजारी बसायचं ते मी ठरवेन."

मामांनी रागारागात मागच्या महिन्याची घट खडूने दारावर लिहिली : अठ्ठेचाळीस किलो.

ते गेल्यावर तो हळूच म्हणाला, "आणि हरलो तर?"

"तर गोदाम बदलू. शेजार नाही."

महिनाअखेरीस सगळी पोती मामांनी स्वतः तोलली. घट एकोणीस किलो. पिलं तीन, तिन्ही उडाली. काटेवाल्याच्या शर्टाला बटणं सात.