वरातीच्या गाडीतला आवाज

"बाई, गाडीत काहीतरी वाजतंय. ते शोधून द्या. आजच्या आज."

स्नेहल दरेकरने हातातलं सीटचं कापड खाली ठेवलं आणि मोबाइल नीट कानाला लावला. "कोण बोलतंय?"

"राहू गावातनं आनंदराव. पोराची लाल गाडी हाय न्हवं का, वरातीची. तीच."

लाल गाडी शिरूरपासून दौंडपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. आनंदरावांच्या रविराजने ती मुंबईहून जुनी विकत आणली होती. तिचं कापडी हूड बटण दाबलं की मागे घडी होऊन बसायचं, आणि नवरा-नवरी मागच्या सीटवर उभी राहून हात हलवायची. आनंदरावांना ती गाडी डोळ्यांसमोर नको असायची, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. 'तमाशाचा गाडा' म्हणायचे ते तिला.

मग तिच्या आवाजासाठी ते स्वतः का फोन करताहेत? स्नेहलला नवल वाटलं, पण तिने विचारलं नाही. "घेऊन या," म्हणाली.

आवाज शोधणं हे तिचं कामच होतं. पूर्वी ती एका कारखान्यात नव्या गाड्या खडबडीत रस्त्यावर फिरवून आत कुठे काय वाजतं ते ऐकायची. आता शिरूरच्या बायपासला तिचं गाड्यांच्या सीटकव्हरचं आणि दुरुस्तीचं स्वतःचं दुकान होतं.

शिलाई मशीनवर तिची मदतनीस शितल बसली होती. हल्ली ती मान वर करत नसे.

तिचा नवरा हृतिक उसाच्या ट्रॅक्टरवर होता. दहा-बारा दिवसांपूर्वी, बाजाराच्या दिवशी भरदुपारी तळेगाव ढमढेऱ्याहून राहूला परतणाऱ्या हौसरावांना मागून कुणीतरी उडवलं. म्हातारा, फुलं विकून मोपेडवरून घरी चाललेला. हृतिकने ट्रॅक्टर थांबवून त्यांना रस्त्यातून बाजूला उचललं, आणि जमलेल्या लोकांनी त्यालाच धरलं. धुळीत एक गाडी पुढे गेली, कुठली ते दिसलं नाही, असं तो सांगत होता, पण कुणी ऐकेना. गुन्हा नोंदला गेला. जामीन झाला, पण ऐन हंगामात त्याला कुणी स्टिअरिंगला हात लावू देईना. हौसराव दौंडच्या दवाखान्यात पडून होते. पाय वाचतो की नाही, सांगता येत नव्हतं. मागनं ट्रॅक्टरचा आवाज आला, एवढंच त्यांना आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी शितल म्हणाली होती, "ताई, ह्यांनी धक्का दिला न्हाई."

"अगं, मुद्दाम कोण देतं? एवढा मोठा ट्रेलर, कळतसुद्धा नाही," असं स्नेहलने उत्तर दिलं होतं. तिच्या मते तो धीर होता. शितल त्या दिवसापासून कामापुरतंच बोलायची.

लाल गाडी आली. चालवायला घरचा गडी होता, शेजारी आनंदराव. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, पण दाढी वाढलेली.

"कधीपासून वाजतंय, आबा?"

"झाले काही दिवस."

"कसा आवाज आहे?"

"धातूचा. मागनं येतो. गाडी वळली की ह्या अंगाचा त्या अंगाला पळतो."

गड्याने डोकं खाजवलं. "मला तर काय ऐकू येत न्हाई."

"तुला कसं येईल? तू गाणी लावून चालवतोस," आनंदराव म्हणाले. मग स्नेहलकडे न बघता त्यांनी पुस्ती जोडली, "मी ह्या गाडीत आज पहिल्यांदाच बसलोय. त्ये बी नाइलाजानं."

स्नेहल मागच्या सीटवर बसली. न्हावऱ्याच्या रस्त्याला खड्ड्यांची उणीव नव्हती. तिने डोळे मिटले. पट्ट्याचं बक्कल टकटकत होतं. तिने ते मुठीत धरलं. डिकीतला जॅक हलत होता. गाडी थांबवून तिने त्याला चिंधी गुंडाळली. हुडाचा पुढचा खटका कुरकुरत होता. त्यात तिने रबराचा तुकडा सारला.

तरीही एक आवाज उरला. खड्… खड्. गाडी डावीकडे वळली की तो उजवीकडे घरंगळायचा.

"आता हूड उघडून बघू," ती म्हणाली. "बटण कुठंय?"

गडी चाचपडला. "हूड रविराजदादाच उघडत्यात. आमाला हात लावू देत न्हाईत."

"त्या मधल्या झाकणाखाली हाय," आनंदराव म्हणाले. "दाबून धर. शिट्टी वाजस्तोर सोडू नगंस."

हूड मागे सरकलं, घडी होऊन बसलं. त्याच रस्त्याने गाडी परत नेली. आवाज बंद. हूड पुन्हा लावलं. आवाज सुरू.

दुकानात परतल्यावर स्नेहलने मागची सीट उपसायला घेतली. सीटच्या मागे एक खोलगट कप्पा होता. हुडाची घडी बसायची ती तिथेच. हूड लावलेलं असलं की तो रिकामा राहायचा. त्याच्या तळाला जायला बाजूचे पत्रेही काढावे लागणार होते.

एवढ्यात मोटारसायकल थांबली. रविराज घाईने आत आला.

"आबा, गाडी इथं कशाला आणली? ताई, राहू द्या ते. गाडी विकायची हाय. गिऱ्हाईक खोळंबलंय."

"आवाजासकट विकणार?"

"आवाज-बिवाज काही न्हाई. आबांना भास होतो."

"पुढचा बंपर नवा दिसतोय."

"वरातीत मांडवाच्या खांबाला घासला."

"कुठल्या वरातीत?"

"पाटसच्या. तुळशीच्या लग्नानंतर लगेच झाली ती, महिना झाला त्याला. त्याच्यानंतर गाडी शेडमधी हाय."

"हूड उघडलं होतं मध्ये?"

"कशाला उघडू? वरात असल्याशिवाय न्हाई उघडत. कापड विरतं."

आनंदराव स्टुलावर बसून होते. "शोधू दे त्यांना," एवढंच ते म्हणाले. रविराजने त्यांच्याकडे पाहिलं.

पत्रा निघाला. स्नेहलने कप्प्यात खांद्यापर्यंत हात घातला. अक्षतांचे दाणे लागले, वाळलेली झेंडूची पाकळी, हिरव्या बांगडीचा तुकडा. वरातीच्या गाडीत हे असायचंच. मग बोटांना काहीतरी थंड, गोल लागलं.

पितळेची डबी होती. एका अंगाला तंबाखू, दुसऱ्या अंगाला चुना. झाकण सैल म्हणून तिच्यावर सायकलच्या ट्यूबचं काळं रबर चढवलेलं, आणि ते अर्धवट निसटलं होतं.

मशीन थांबलं. शितल उठून जवळ आली होती.

"ताई, ही हौसरावमामांची डबी."

"तुला कसं ठाऊक?"

"मी दवाखान्यात जाते त्यांच्याकडं. रोज विचारत्यात, माझी डबी गावली का. सायकलच्या रबराची. मंडईत सगळ्यांना माहीत हाय ती." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "लोक म्हणत्यात, ह्यांनीच खिशातनं काढून घेतली."

रविराज पुढे आला. "ताई, मी न्हवतो. त्या दिवशी मी बारामतीला होतो. सासुरवाडीला बारसं होतं. बायकापोरं घेऊन मोठ्या गाडीनं गेलो. हे बघा."

त्याने मोबाइल पुढे केला. पाळण्याशेजारी तो उभा होता. खाली बाजाराच्या दिवसाची तारीख होती, दुपारची वेळ होती.

स्नेहलने फोटो पाहिले आणि फोन परत दिला. डबी तिने टेबलावर ठेवली. आपल्याला पुढचं कळलेलं आहे, हे तिला जाणवलं. ते कळलं नसतं तर बरं, असंही क्षणभर वाटून गेलं.

"बसा सगळे," ती म्हणाली. "मला काय दिसतंय ते सांगते. चुकलं तर थांबवा.

"धडक बसली तेव्हा हौसराव उडाले आणि त्यांच्या खिशातलं सामानही उडालं. डबी या गाडीत आली. ती वरून आली, कारण त्या कप्प्याला दुसरी वाट नाही. म्हणजे तेव्हा हूड उघडं होतं. ती हुडाच्या घडीत अडकली. नंतर कुणीतरी हूड लावलं, घडी उलगडली, आणि डबी तळाला घसरली. तेव्हापासून वाजतेय. हूड खाली असलं की कापड तिला दाबून धरतं, म्हणून वाजत नाही."

"ट्रॅक्टरला हूड नसतं," शितल म्हणाली.

"नसतं. हृतिकने धक्का दिलेला नाही." स्नेहलला तिच्याकडे बघवलं नाही. "रविराजदादा, पाटसनंतर गाडी शेडमधून निघाली नाही, हे तुम्ही खोटं सांगितलंत. बारामतीहून आलात तेव्हा बंपर फुटलेला होता. कुणी फोडला ते तुम्ही ओळखलं, आणि न विचारता नवा बसवला. बरोबर?"

"व्हय," रविराज म्हणाला.

"मग चालवत कोण होतं? तुम्ही बारामतीला, मोठ्या गाडीतून घरची सगळीच गेलेली. गड्याला हूड उघडता येत नाही, ते मी मघाशी बघितलं. पण बटण कुठल्या झाकणाखाली आहे, ते किती वेळ दाबायचं, शिट्टी कधी वाजते, हे एका माणसाने मला लगेच सांगितलं. तो माणूस म्हणत होता, मी या गाडीत आज पहिल्यांदाच बसलोय."



"आबा," स्नेहल म्हणाली, "त्या दिवशी घरी तुम्ही एकटेच होता."

आनंदरावांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

"घर रिकामं होतं," ते म्हणाले. "किल्ली खुंटीला होती. एवढी लोकं हौसेनं बसत्यात, म्हटलं बघावं तरी काय हाय त्यात. साऱ्या गावासमोर नावं ठेवल्याली. उघड बसायची लाज वाटायची. रविराज हूड कसं उघडतो ते ओट्यावरनं कितींदा बघितलं होतं. उघडलं. ऊन, वारं, दोन्ही अंगाला ऊस… बरं वाटलं. लई वर्सांनी बरं वाटलं. मागच्या वळणाआडनं उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज आला. त्याला वाट द्याया डावीकडं घेतली, आन् मोपेड दिसलीच न्हाई."

"थांबलात?"

"थांबलो. पर उतरलो न्हाई. पाय उचललाच न्हाई. आबा, आबा म्हणत लोकं न्याय मागाया येत्यात माझ्याकडं. तेवढंच डोस्क्यात आलं. पुढच्या वळणावर हूड लावलं आन् घरी आलो. सगळ्या वाटंनं मागं खडखड चालू. हिथं येईस्तोर ती काय हाय, ते मलाबी ठाव न्हवतं. पर ती त्याचीच कायतरी हाय, हे ठाव होतं."

"मग माझ्याकडे का आणलीत?"

"माझ्या तोंडातनं निघंना, बाई. चौकीच्या दारापर्यंत जाऊन माघारी आलो. म्हटलं तुम्ही आवाज शोधता. शोधल्यावर तरी कुणीतरी विचारंल."

शितल पुढे झाली.

"आबा, माझ्या मालकांनी त्यांना उचललं, ते तुम्हाला दिसलं होतं का?"

"व्हय. आरशात दिसलं. ट्रॅक्टर थांबला, पोरगं उतरून पळत आलं. म्हटलं, चला, कुणीतरी बघतंय म्हाताऱ्याकडं. मग आपण गेलं तरी चालंल."

"आन् त्यांनाच धरलं, हे कवा कळलं?"

"त्याच सांजंला."

शितलने मान हलवली. एखादं माप बरोबर आलं की हलवायची तशी.

रविराज वडिलांच्या पायाशी बसला होता. "आबा, मी जातो. मी सांगतो, मीच होतो म्हणून. ह्या वयात तुम्ही न्हाई."

"तू बारामतीला होतास," आनंदराव म्हणाले. "आन् आता आणखी एका पोराला माझ्यापायी अडकवू का?"

ते उठले. टोपी डोक्यावर ठेवली, मग पुन्हा काढून हातातच धरली. स्नेहलने डबी स्वच्छ कापडात गुंडाळून त्यांच्याकडे दिली. लाल गाडी सीट उपसलेल्या अवस्थेत तशीच उभी होती. समोर रस्त्यावर वडापची जीप प्रवाशांनी भरत होती.

"मी जातो चौकीवर," ते शितलला म्हणाले. "तुला माफी कुठल्या तोंडानं मागू?"

"मागू नका," शितल म्हणाली. तिने पदर खोचला, मशीनची वायर काढली. "मी संगं येते. मधी कुठं उतरायचं न्हाई."

स्नेहलने दुकानाच्या दारात तिला गाठलं. "शितल, मी तुझं ऐकलं नाही. त्या दिवशी…"

"व्हय ताई," शितल म्हणाली. "न्हाई ऐकलं."

ती जीपमध्ये आनंदरावांच्या शेजारी, दाराच्या बाजूला बसली.