पास झाल्याशिवाय

"अहो, सकाळपासून तीन फोन केले मी! आता उगवताय?"

हे मी त्यांच्याशी बोललेलं पहिलं वाक्य. दारात एक उंच माणूस उभा होता. खांद्यावर पावसाचे थेंब, हातात प्लास्टिकची फाइल. माझ्यापुढे झेरॉक्स मशीन कागद चावून बसलं होतं, आणि हाच तो दुरुस्तीवाला असं मी परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

"सॉरी मॅडम," ते म्हणाले. फाइल खुर्चीवर ठेवली, बाह्या दुमडल्या आणि मशीन उघडलं. पुढची वीस मिनिटं मी त्यांना लोकांच्या कामचुकारपणाबद्दल ऐकवत होते आणि ते "हो मॅडम, हो मॅडम" करत एकेक कपटा बाहेर काढत होते. मशीन सुरू झालं. मग त्यांनी रुमालाला हात पुसले आणि फाइल माझ्यापुढे धरली.

"प्रवेशाचा अर्ज आहे. माजी सैनिकांच्या जागेसाठी."

असं वाटलं, जमीन फाटावी आणि मी खुर्चीसकट आत जावं. "अहो, मग आधी बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलत होतात ना."

मागच्या टेबलावरच्या टायपिस्ट मावशी खो खो हसत सुटल्या. या मावशी नात्यानं कुणाच्याच नाहीत, पण अख्ख्या कॉलेजच्या. आमची दोघींची खोली जिन्याखाली आहे. पूर्वी तिथे रसायनं ठेवायचे, अजूनही ओल्या दिवसांत वास येतो. सैन्यातून बाहेर पडलेल्यांना कॉलेजात आणायचं आणि टिकवायचं, हे माझं काम. आणणं त्या मानानं सोपं असतं.

त्यांच्या अर्जात एक रकाना होता: सैन्यात केलेल्या कामाचं वर्णन. चौदा वर्षांच्या नोकरीपुढे त्यांनी लिहिलं होतं, 'रेडिओ दुरुस्ती'. बस्स! मी कपाळाला हात लावला. समोर बसवून, खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुठे चार पानं निघाली. बर्फात बंद पडलेला संच त्यांनी शर्टाच्या आत धरून ऊब देत देत चालू केला होता. ते सांगतानाही आवाज असा, की जणू पंक्चर काढल्याचं सांगताहेत.

"हे का नाही लिहिलंत, कॅप्टन?"

"मी कॅप्टन नव्हतो, मॅडम."

"माझ्या खोलीत आहात. मी दिली बढती."

तेव्हा ते पहिल्यांदा हसले... आणि मी उगाचच स्टेपलर शोधायला लागले.

त्या चार पानांवर त्यांना प्रवेश मिळाला, पण अट होती. पहिल्या वर्षी गणितात शंभरपैकी चाळीस हवेत, नाहीतर जागा जाते. आणि ही जागा एका माणसाला आयुष्यात एकदाच मिळते. शाळा सोडून सोळा वर्षं झालेली. वर्गातली मुलं त्यांना काका म्हणायची. राहायचे थोरल्या बहिणीकडे. ताईंनी सगळ्या आळीत सांगून ठेवलं होतं की आमचा भाऊ इंजिनियर होणार.

दर मंगळवारी ते माझ्याकडे यायचे. एक गोष्ट मला लवकरच कळली, हा माणूस मरेल पण प्रश्न विचारणार नाही. म्हणून मी नियम केला: येताना एक प्रश्न आणायचा, ज्याचं उत्तर खरोखर माहीत नाही असा.

पुढच्या मंगळवारी ताठ बसून म्हणाले, "प्रश्न आहे. तुम्ही कॉफी साखरेची घेता की बिनसाखरेची?"

"हा अभ्यासाचा प्रश्न आहे?"

"उत्तर माहीत नाही, मॅडम. नियमात बसतो."

"दोन चमचे," मी म्हटलं. कान गरम झाले होते माझे. मावशींच्या यंत्राची टकटक थांबली होती, म्हणजे त्याही ऐकत होत्या.

मग मंगळवार म्हणजे कॉफी झाली. एकदा पावसात एकाच छत्रीतून बस स्टॉपपर्यंत गेलो. छत्री त्यांनी सगळी माझ्यावर धरलेली. "अहो, तुम्ही भिजताय," म्हटलं, तर म्हणाले, "मला सवय आहे." "मला नाहीये सवय, कुणी माझ्यासाठी भिजायची," असं माझ्या तोंडून निघून गेलं. त्यावर पावलं मात्र हळू झाली त्यांची... माझीही.

मी दर वेळी विचारायचे, "गणित कसं चाललंय?" ते म्हणायचे, "सगळं ठीक." मी खुळी, माझ्या वहीत 'ठीक' लिहायचे.

सहामाहीनंतर गणिताचे सर जिन्यात भेटले. म्हणाले, "तुमच्या फौजी विद्यार्थ्याला सतरा पडलेत. बोलला नाही का?"

मंगळवारी ते कॉफीचे दोन कप घेऊन आले, आणि मी कपाकडे बघितलंसुद्धा नाही.

"सतरा? आणि मला 'सगळं ठीक'?"

"तिकडे सैन्यात वरिष्ठांना असंच कळवायचं असतं, मॅडम. आपली अडचण आपण निस्तरायची."

"हे 'तिकडे' नाहीये! मी काय तुमची साहेब आहे?"

खरं सांगू? मी घाबरले होते. जागा गेली तर हा माणूस जाणार, आणि मग मंगळवारचं मी करू काय? पण भीती अशी सरळ कधी बाहेर येते का? माझी तर रागाचेच कपडे घालून येते.

"पास झाल्याशिवाय मला तोंड दाखवू नका!"

ते उठले. ताठ उभे राहिले. "ठीक आहे, मॅडम."

आमच्या घरी आईनं हे वाक्य मला हजारदा ऐकवलंय आणि पुढच्याच मिनिटाला 'गिळायला ये' म्हणून हाक मारलीये. मला वाटलं, येतील की पुढच्या मंगळवारी कॉफी घेऊन.

नाही आले. त्याच्या पुढच्याही नाही.

"अगं, फोन कर ना त्याला," मावशी म्हणाल्या.

"मी का करू? एवढं काय लागलं त्यांना? बसू दे फुगून."

मावशींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तू पण काही कमी फुगलेली नाहीस."

वार्षिक निकाल लागला. गणितात छत्तीस. फेरतपासणीचा अर्ज दहा दिवसांत माझ्याच खोलीतून, माझ्या सहीनं जायचा होता. मी तो सगळा भरून ठेवला, फक्त त्यांची सही बाकी होती. सूचना फलकावर लावलेली आहे, गरज त्यांना आहे, येतील झक मारत... असं मी नऊ दिवस स्वतःला सांगितलं. दहाव्या दिवशी चार वाजता माझा सगळा ताठा गळून पडला आणि मी फोन लावला. बंद होता. पाच वाजता मुदत संपली.

महिन्याभरानं गणिताचे सर खोलीत आले, ओशाळलेले. गठ्ठे बांधताना सरांना आमच्या कॅप्टनची उत्तरपत्रिका दिसली होती. शेवटचं उदाहरण पुरवणीवर होतं आणि पुरवणी तपासायचीच राहून गेली होती. "बरोबर आहे हो सगळं. सहा गुण होतात. अर्ज आला असता तर..."

मी पंधरा दिवस भांडले. प्राचार्यांपाशी रडलेसुद्धा. पण मुदत ती मुदत, आणि जागा दुसऱ्याला दिलेली. शेवटी पुरवणीची झेरॉक्स घेऊन मी ताईंचं घर गाठलं.

"आत्ताच बंदरावर गेला की," ताई म्हणाल्या. "मालबोटीवर रेडिओचं काम मिळालंय, तीन वर्षांचा करार." मग दार धरून, आवाज उतरवून, "कॉलेजचं काय झालं हो त्याचं? आम्हाला काही बोलतच नाही. नुसतं 'ठीक' म्हणतो."

धक्क्यावर ते बॅगेवर बसले होते. मला बघून उठून उभे राहिले, आणि चक्क मान वळवली. मला वाटलं, राग आलाय.

"माझ्याकडे बघा तरी!"

"नापास झालो ना, मॅडम. तुम्ही सांगितलं होतं..."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे फुगले नव्हते, माझा शब्द पाळत होते.

"निकालानंतर तीन वेळा गेटपर्यंत आलो होतो," ते म्हणाले. "मुदत माहीत होती. पण तोंड कसं दाखवणार? दहाव्या दिवशी या नोकरीची परीक्षा दिली. तिथे फोन जमा करून घेतात."

"अहो, ते रागाच्या भरात बोलले हो मी! त्याचा अर्थ तसा नसतो!"

"मला तसं ऐकायची सवय नाही, मॅडम. तुमची चूक नाही."

चूक माझीच होती. त्यांना सैन्याची सवय सोडायला शिकवणं हेच तर माझं काम, आणि मी त्यांना हुकूम देऊन बसले. "प्रेम आहे माझं तुमच्यावर," मी म्हटलं. भर धक्क्यावर, हमालांच्या देखत. "जाऊ नका."

डोळे भरले होते त्यांचे. "पास झालो असतो तर त्याच दिवशी मी हेच सांगायला येणार होतो. आता सही केलीये, मॅडम. माझ्या भरवशावर त्यांनी दुसरा माणूस घेतलेला नाही."

झेरॉक्स आता पर्समध्येच ठेवावी असं वाटलं. कशाला आणखी जाळायचं? पण त्यांच्याशी 'सगळं ठीक' खेळायचा मला काय हक्क होता? मी कागद पुढे केला, आणि पुरवणीचं सगळं सांगितलं.

"छत्तीस आणि सहा," ते पुटपुटले. "बेचाळीस."

"हो."

"म्हणजे मी पास होतो."

मी मान हलवली. बोटीवरून कुणीतरी त्यांना हाक मारली. कागद हातात तसाच धरून ते उभे होते, आणि मी वाट बघत होते, आता तरी ओरडतील, आता तरी मला बोल लावतील.

"मग मी येऊ शकलो असतो," ते म्हणाले. "तुमच्याकडे... त्याच दिवशी."