दोन ते सहा

सन दोन हजार सतरा, मार्चचा तिसरा आठवडा. उन्हाळा नुकताच लागला होता. पोराने मला सहलीच्या ऑफिसातून एक वही आणायला पाठवलं, तिथून हे सुरू झालं.

सहल त्याची आणि सूनबाईची. मी सोबत. बायको गेल्यापासून पोरगा मला घरी एकटं ठेवत नाही, जसा काही मी गॅस उघडा टाकून झोपणार आहे. विमानाने परदेशात उतरायचं, विमानतळावरच भाड्याची गाडी घ्यायची, दहा दिवसांत सहा मुक्काम करत भलत्याच शहरात ती सोडायची आणि तिथून विमानाने परत. महिनाभर जेवणाच्या टेबलावर हेच चाललं होतं. ताटाला जागा नाही, नकाशाला आहे.

माझा राग होता चौथ्या दिवसावर. तिसऱ्या मुक्कामाहून चौथ्या मुक्कामाला सहाशे दहा किलोमीटर. चालवणार एकटा पोरगा, जो घरापासून कामावर अकरा किलोमीटर चालवतो आणि संध्याकाळी पाठ धरून बसतो. सूनबाईला गाडी येत नाही.

"मध्ये एक मुक्काम टाक," मी म्हणालो.

"बाबा, रस्ता सरळ आहे. साडेसहा तास दाखवतोय."

"कोण दाखवतोय?"

"कॉम्प्युटर."

"मग त्यालाच बसव स्टिअरिंगवर."

सूनबाई हसली. पोरगा हसला नाही. "तुमच्या ट्रकचा जमाना गेला, बाबा. आता गाड्या बसल्या बसल्या पोचतात."

एकतीस वर्षं मी लांबच्या रस्त्यांवर ट्रक चालवला. चौथी शिकलेल्या माणसाने त्याच स्टिअरिंगवर तुला इंजिनिअर केलं, हे ओठांपर्यंत आलं होतं. गिळलं. परदेशात चालवायचा परवाना मात्र मी हट्टाने काढून घेतला. "हौस म्हणून काढा," तो म्हणाला. "चालवायचं नाही."

तर ते ऑफिस. एकच खोली, पंखा, चार खुर्च्या, भिंतीवर समुद्राचे फोटो. टेबलामागच्या बाईने वही पुढे केली. रोजचं पान वेगळं. कुठून कुठे, किती किलोमीटर, कोण चालवणार. मग तिने माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं.

"आज एकटेच आलात?"

"मी पहिल्यांदाच येतोय."

"अच्छा," ती म्हणाली. पण दाराकडे पाहतच राहिली.

घरी पोराने वही उघडली. चौथ्या पानावर त्याचा हात थांबला. मान लाल झाली.

"हे काय आहे, बाबा?"

मी चष्मा लावला. छापलेलं होतं. चालक: मुलगा. त्याखाली दुसरी ओळ. दुपारी दोन ते सहा, चालक: वडील. पुढे माझ्या लायसन्सचा नंबर.

"मी नाही सांगितलं."

"मग कोणी? तुम्हीच गेला होतात ना वही आणायला?"

"छापलेली वही आणली. मी खोटं बोलत नाही."

इतक्या मोठ्याने बोललो की सूनबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हे वाक्य मी आयुष्यभर ताठ मानेने बोलत आलो. त्या दिवशी जीभ जड झाली. कारण ते चार तास माझ्या ओळखीचे होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं ऑफिसात गेलो. पोरगा उभ्यानेच भांडायला लागला. बाई गोंधळली. तिने फाइलमधून एक चिठ्ठी काढली.

"तुमच्याकडचेच एक गृहस्थ मागच्या आठवड्यात आले होते ना... खूप उंच. दारातून वाकून आत आले. बसा म्हटलं, तर म्हणाले, नको, बसल्या बसल्याच गेलो मी. आणि हसले. त्यांनीच लिहून दिलं."

चिठ्ठीत पेन्सिलने लिहिलं होतं. चौथा दिवस. दोन ते सहा मास्तरची पाळी. अक्षरं मागे कललेली, करकचून ब्रेक दाबल्यावर माणसं कलतात तशी. कागदाच्या कडेला तेलकट अंगठा. त्या बंद खोलीत, पंख्याखाली, मला डिझेलचा वास आला.

"मास्तर म्हणजे... तुम्ही शिक्षक होतात का?" बाईने मला विचारलं.

"बाबा चौथी पास आहेत," पोरगा म्हणाला. "ती ओळ काढून टाका."

रस्त्यावर आल्यावर त्याने मला भर माणसांत विचारलं, "कोण आहे तो? माझ्या ट्रिपमध्ये नाक खुपसणारा हा तुमचा कोण? फोन लावा त्याला."

"त्याच्याकडे फोन नाही."

"पत्ता द्या."

मी पुढे चालायला लागलो. मला मास्तर म्हणणारा जगात एकच माणूस होता. त्याला जाऊन अडतीस वर्षं झाली होती.

आता सांगतो ते मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

त्याला सगळे लांबू म्हणत. एका ट्रकवर आम्ही दोन ड्रायव्हर. मी ज्याच्या त्याच्या चुका काढायचो म्हणून मी मास्तर. नियम साधा होता. चार तास तू, चार तास मी. एकाने चालवायचं, दुसऱ्याने सीटमागच्या फळीवर झोपायचं. वेळ झाली की चालवणाऱ्याने फळी ठोकायची. झोपलेल्याने उठायचं. यात मैत्री नाही, भांडण नाही. तब्येत नाही की मूड नाही. उठायचं.

एकदा माझा डोळा लागला आणि ट्रक खांबाला घासला. लांबूने मालकाला खरं ते सांगितलं. मालक मला सगळ्यांसमोर वाटेल ते बोलला. पुढच्याच खेपेला आम्ही पुन्हा एका ट्रकवर. मी त्याच्याशी शब्द बोललो नाही. सकाळी दहा ते दोन त्याने चालवलं. दोन वाजता त्याने फळी ठोकली.

मी जागा होतो.

त्याने पुन्हा ठोकली. "मास्तर, ऊठ... डोळे मिटतायत माझे."

मी डोळे घट्ट मिटून पडलो. चालव म्हटलं मनात, खरं बोलणाऱ्या, चालव.

तो जरा वेळ थांबला. मग हसला. "रुसलास होय? बरं, झोप. पण हे चार तास तुझ्याकडे राहिले हं."

लोकांना वाटतं ड्रायव्हरला रात्री झोप येते. चूक. दुपारी येते, पोट भरलेलं असताना, लख्ख उन्हात, सरळ रस्त्यावर. पावणेसहाला ट्रक पुलाच्या कठड्यावर गेला. लांबू बसल्या जागी गेला. माझा हात मोडला, एवढंच.

पोलिसांना सांगितलं, मी झोपलो होतो. त्याच्या बायकोलाही तेच सांगितलं. तिने माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. झोपलेल्या माणसाला कोण काय म्हणणार?

ऑफिसातल्या त्या चिठ्ठीची मला भीती वाटली नाही. संताप आला. माझा हिशोब माझ्याशी कर. अडतीस वर्षं मी हेच घेऊन झोपत होतो, हेच घेऊन उठत होतो, तेव्हा यायचं होतंस. माझ्या पोराच्या वहीत कशाला शिरतोस? त्याच्या चौथ्या दिवसावर तुझं काय काम? आणि मग कळलं, काम काय ते. तोच रस्ता होता तो. माणूस वेगळा, देश वेगळा, पण दुपार तीच. मी नाही उठलो तर पोरगा एकटा चालवणार होता.

पोराला पुन्हा सांगितलं, मध्ये मुक्काम टाक. त्याने वही मिटली. "बाबा, आता पुरे."

मे महिन्यात निघालो. विमानतळावरच्या खिडकीत गाडीवाल्याने कागद काढले, तर त्यावर चालक दोन. पोरगा तणतणला. ऑफिसने ओळ काढली होती, पाठवलेला कागद त्याने फोनवर दाखवला. खिडकीतला माणूस शांतपणे म्हणाला, दुसऱ्या चालकाचं नाव आज सकाळीच घातलंय, तुमच्याच माणसाने. मागे रांग लागली होती. "राहू दे नाव," पोरगा माझ्याकडे न बघता म्हणाला. "चावी माझ्याकडेच राहील."

तीन दिवस बरे गेले. सूनबाईने फोटो काढले. मी किलोमीटर मोजले.

चौथ्या दिवशी साडेनऊला निघालो. दोन्ही बाजूंना वाळकं गवत, झाड नाही, घर नाही, रस्ता दोरीसारखा ताणलेला. एक वाजता पेट्रोल पंपावर जेवलो. पोराने पोटभर खाल्लं. मी म्हणालो, तासभर पड. तो म्हणाला, अंधाराआधी पोचायचंय. मी त्याच्या शेजारी बसलो, सूनबाई मागे. सामान सगळं डिकीत.

बरोबर दोन वाजता गाडीत घंटी वाजायला लागली.

"पट्टा लाव गं," पोरगा म्हणाला.

"लावलाय मी."

समोर लाल दिवा लागला होता. मागची सीट, मधली जागा. तिथे बसणाऱ्याने पट्टा लावलेला नाही, असं गाडी म्हणत होती.

"तिथे काही ठेवलंयस का?"

"नाही... काहीच नाही." सूनबाईने हात लावून पाहिला. मग आवाज बारीक झाला. "अहो, ही सीट दबलीय."

"सेन्सर बिघडलाय," पोरगा म्हणाला आणि जांभई दिली.

घंटी थांबेना. मी मागे वळलो नाही. डिझेलचा वास येत होता. गाडी पेट्रोलची होती. पोराकडे पाहिलं. डोळे उघडे होते, पण आत कोणी नव्हतं. अशी नजर मी ओळखतो. उजवी चाकं रस्ता सोडून खडीवर गेली आणि तो तसाच बघत राहिला.

मी स्टिअरिंग धरून ओढलं. सूनबाई किंचाळली. गाडी पुन्हा रस्त्यावर आली.

"बाजूला घे!"

"मला काही झालं नाहीये..."

"बाजूला घे म्हणतो ना!"

त्याने घेतली. मी उतरून त्याच्या बाजूला गेलो, दार उघडलं. तो हलेना. बापाला चावी द्यायची म्हणजे हरणं, तेवढा माझाच मुलगा. मग मी ते बोललो. त्याच्याकडे बघून नाही. मागच्या सीटच्या मधल्या जागेकडे बघून.

"मी जागा होतो. तू ठोकलंस ते दोन्ही वेळा ऐकलं. जाणूनबुजून उठलो नाही. बायकोला तुझ्या खोटं सांगितलं. ऊठ आता तिथून, नाहीतर झोप. मी चालवतो."

"बाबा... कोणाशी बोलताय?"

"तू सरक."

तो सरकला. मी बसलो. आरसा नीट केला, पण मागचं दिसेल असा नाही. "पट्टा लाव," मी म्हणालो. कोणाला म्हणालो ते त्या दोघांनी विचारलं नाही. मागे पट्टा सरसर ओढला गेला. खट्. घंटी थांबली. सूनबाई दाराला चिकटून बसली होती. दोन्ही हात तिने तोंडावर घेतले होते.

दोन वाजून दहा मिनिटांनी गाडी सोडली. स्टिअरिंग भलत्या बाजूला, रस्ता भलत्या बाजूला. पाच मिनिटं लागली हाताला. मग हात आपोआप चालले.

तीनच्या सुमाराला मागून घोरणं ऐकू यायला लागलं. खोल, जड, थकलेल्या गड्याचं. पोरगा माझ्या शेजारी जागा होता. सूनबाई जागी होती. एकदा पोराने माझ्या मनगटावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचा तसा. मी तो काढला नाही.

पावणेसहाला पूल आला.

स्टिअरिंग माझ्या हातात कठड्याकडे वळायला लागलं. हळूच, डुलकी लागलेल्या माणसाच्या हाताने वळावं तसं. मी दोन्ही हातांनी धरलं. त्र्याहत्तर वर्षांचे हात. मोडलेल्या हाडातून कळ डोक्यात गेली. कठडा वीतभर राहिला. मागचं घोरणं अडखळलं.

"झोप," मी म्हणालो. "मी जागा आहे."

स्टिअरिंग सैल झालं. पूल संपला. घोरणं पुन्हा सुरू झालं.

सहा वाजून दहा मिनिटांनी मी गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. दहा मिनिटं उशिरा बसलो होतो, ती धरली. मुक्काम अजून वीस किलोमीटर पुढे होता. ऊन तिरकं झालं होतं. वारा पडला होता.

मागे पट्टा सुटला. मग आम्ही तिघांनी जांभई ऐकली. लांब, समाधानाची, पोटभर झोप झालेल्या माणसाची. सूनबाईच्या पलीकडचं दार उघडलं, गाडी एका बाजूने हलकी झाली, दार लागलं.

खडीवर पावलं वाजली. ती मागे गेली नाहीत. आम्हाला जायचं होतं त्याच दिशेने पुढे गेली, सावकाश, आणि बराच वेळ ऐकू येत राहिली.

पोरगा माझ्याकडे बघत होता. मी चावी काढून त्याच्या हातात दिली.

चार तास होते. ते दिले.